केशरची पाठ

१

कुणाच्याही घरी गेली की वैष्णवी घाडी आधी त्या घराची शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. माणसांना बाहेर पाठवायचं, पंखा बंद करायचा, माईक घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवायचा आणि आपण भिंतीला टेकून श्वाससुद्धा जपून घेत बसायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पत्र्याखाली बारीक करकर असते, कौलांत काहीतरी सतत सरकत असतं, सारवलेली जमीन आवाज पिऊन टाकते. पुढं गोष्ट जोडताना जिथं बोलणं कापलं असेल तिथं ही शांतता खाली अंथरायची, म्हणजे कापलेलं कळत नाही.

रामनगरला तिच्या वडलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. दिवसा ती दुकान सांभाळायची आणि संध्याकाळी वरच्या खोलीत 'पुसट माणसं' नावाचा फोनवर ऐकायचा कार्यक्रम तयार करायची. इतिहासानं ज्यांना ठेवून घेतलं नाही अशी माणसं ती शोधायची. घाटात लाकडं ओढणाऱ्या हत्तींच्या पायांना औषध लावणारा एक वैदू, गोव्याच्या हद्दीवरून मीठ लपवून आणणाऱ्या बायका, साथीच्या वर्षी एकट्यानं सगळी वाडी पुरणारा एक माणूस. ऐकणारे बेताचेच होते. लोक 'छान' म्हणत आणि विसरून जात. तिला त्याचं वाईट वाटे, आणि वाईट वाटतं हे ती कुणाला सांगत नसे.

महाबळेश्वर नावाचा एक शेतकरी दुकानात पाइप आणि नळ घ्यायला यायचा. कुंभारवाड्याच्या पुढं, बस वळून परत जाते तिथून चालत जावं लागतं अशा वाडीत त्याचं घर. भातशेती होती, आणि अलीकडं तो मागच्या खोलीत पाहुणे ठेवू लागला होता. तो एकदा म्हणाला, "आमच्या आईकडं एक गोष्ट हाय अक्का. कुणाला सांगत न्हाई ती. तुमी इचारून बघा."

सुगी संपता संपता ती गेली. घर मातीच्या भिंतींचं, बुटकं, दारात वाकावं लागेल असं. पण मागच्या खोलीत पाऊल टाकताच ती थबकली. त्या भिंतीत माणसाच्या उंचीची सागवानी खिडकी होती, आडव्या पट्ट्यांच्या झडपांची, पितळी कड्यांची. घरानं दुसऱ्या कुणाचा तरी कोट घालावा तशी ती दिसत होती. बाहेर उतार, खाली कापणी झालेली खाचरं, त्यापलीकडं जंगल.

तिनं हेडफोन लावला आणि डोळे मिटले. कौलं. लांब कुठंतरी भाताच्या झोडपणीचा आवाज. मग खोलीतच, खिडकीच्या बाजूला, वेताची खुर्ची करकरली. कुणी अंग सैल सोडून नीट बसावं तशी, आधी एकदा आणि मग बारीक दोनदा.

तिनं डोळे उघडले. खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या आणि एक प्लास्टिकचं स्टूल. वेताची काय, कसलीच खुर्ची नव्हती. ऊन उतरलं की वासे आकसतात, तिनं स्वतःला सांगितलं. जुनं लाकूड बोलतंच.

२

महाबळेश्वरची आई शांती सत्तरीच्या पुढची होती. खांद्यावर गाठ मारून लुगडं नेसलेली. वैष्णवी तिला आज्जी म्हणू लागली. सून मंगल चुलीपुढं कणगीचे कंद उकडत होती आणि नात रक्षिता दाराला टेकून ऐकत होती.

"केशर म्हंजे माझी आजेसासू," शांतीआज्जी म्हणाली. "गोऱ्यांच्या वक्ताला हितं लाकडाचं काम जोरात. वर पठारावर एका साहेबाचा बंगला व्हता. तो आन् त्याची बायको, दोघंच. सांजचं साहेब जंगलातनं आला की बायको खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेली असायची, भाईर बघत. तो दारात हुबा ऱ्हायचा, तिची पाठ बघायचा, मग आत जायचा. एका पावसात ती तापानं मेली."

"हीच खिडकी?"

"हीच. बायको मेल्यावर साहेबाला घरात पाय टाकवंना. रिकामी खिडकी बघितली की उंबऱ्यावरच बसायचा. केशर तिथं पाणी भरायची. नवरा ओंडक्याखाली सापडून मेलेला, पदरात तान्हं पोर. साहेबानं खानसाम्याला मधी घालून इचारलं, माझ्या बायकोचा झगा घालून सांजचं खिडकीत बसशील काय? नुसतं बसायचं. तोंड भाईर, पाठ दाराकडं. बोलायचं न्हाई."

"आणि ती बसली?"

"पोर जगवायचं व्हतं बाय. बसली. साहेब दारात यायचा, पाठ बघायचा, जेवायला दुसऱ्या खोलीत जायचा. मग ही झगा खुंटीला लावायची, लुगडं नेसायची आन् मागल्या दारानं घरला यायची. साहेबानं तिचं तोंड कवाच बघितलं न्हाई. गावानं मात्र बघितलं. उतारावर गुरं राखणाऱ्यांना खालनं दिसायची ना, खिडकीत केशर आन् अंगात मडमेचा झगा! मग काय. तिच्या हातचं पाणी कुणी घेईना झालं."

चुलीपुढं मंगल थांबली होती.

"एक दीस साहेबानं दारातनं हाक मारली. बायकोच्या नावानं. रडत, परत परत."

"मग?"

"न्हाई वळली."

वैष्णवी पुढचं ऐकायला थांबली. पुढं काही नव्हतं.

"म्या इचारलं तिला, तिच्या म्हातारपणी," शांतीआज्जी म्हणाली. "म्हटलं, एवढा रडत व्हता माणूस, वळाय नको काय? तर म्हणाली, 'हाक माझी नव्हती गे. मी कशाला वळू?' दुसऱ्याच दिवशी साहेब निघून गेला. बंगला पडला, खिडकी तेवढी हुबी. लोक येता-जाता बोट दावायचे. तवा तिच्या लेकानं, माझ्या सासऱ्यानं, ती उपटून आणली आन् हितं बसवली. दावायचं तर आमच्या दारात येऊन दावा म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमच्या घरात दुसरं काय न्हाई. ती वळली न्हाई, एवढंच हाय. सांग तू. पन हाय तसं सांग."

"व्हय आज्जी," वैष्णवी म्हणाली. म्हणताना तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

३

रामनगरच्या वरच्या खोलीत ती गोष्ट जोडत बसली. सगळं होतं. पाऊस, ताप, झगा, खुंटी. फक्त शेवट नव्हता. एका बाईला हाक आली आणि ती वळली नाही. ऐकणारा माणूस इथं काय करणार? 'बरं' म्हणून बटण दाबणार.

तिनं दोन-तीनदा तसंच म्हणून पाहिलं. कोरडं वाटलं. मग, नुसतं बघू तरी म्हणून, तिनं माईकसमोर म्हटलं, "आणि मग ती वळली. त्या एका क्षणापुरता तो साहेब नव्हता आणि ती पाणी भरणारी बाई नव्हती. दोन एकटी माणसं एकमेकांकडं बघत होती." म्हणताना तिचा गळा दाटून आला. ते नाटक नव्हतं, खरोखरच दाटला.

ते पुन्हा ऐकल्यावर काढून टाकणं तिला जमलं नाही.

शांतीआज्जीचं 'न्हाई वळली' तिनं कापलं आणि तिथं त्या मागच्या खोलीची शांतता अंथरली. जोड कुठं आहे ते तिचं तिलाही कळेना. 'आणि मग' च्या आधी एखादा आवाज हवा होता. वेत करकरल्याचा आवाज तिच्याकडं होताच.

४

यावेळी लोक विसरले नाहीत. बेळगावहून, पुण्याहून, कुठल्या कुठल्या देशांतून निरोप आले. ऐकून रडलो, असं लिहिणारे पुरुष होते. कुणी त्यावर चित्र काढलं, कुणी तेवढाच तुकडा कापून आपल्या नावानं फिरवला. वडलांनी दुकानात आलेल्या माणसाला सांगितलं, "ही आमची पोरगी." वैष्णवीला आतून काहीतरी टोचायचं, पण थोडंसंच, चपलेत खडा असावा तसं. चालता येत होतं.

महाबळेश्वरचा फोन आला तो खुशीतच. "अक्का, पाव्हणे थांबंनात! सगळ्यांना खिडकी बघायचीया. मी दांडेलीहून वेताची खुर्ची आणलीया. पोरी बसतात पाठ करून आन् मग वळतात, फोनवर काढतात. रक्षिताला झगाबी घेतलाय गुलाबी. ती करून दावती."

"आज्जी काय म्हणतात?"

"आई? ती जुनी माणूस. तिला काय कळतंय."

होळीच्या आधी मंगलचा फोन आला. ती हळू बोलत होती. "वैष्णवीबाय, एकदा येऊन जावा. सासूबाई जेवंना झाल्यात. दिवसभर मागच्या खोलीत जाऊन हुब्या ऱ्हातात. पाव्हणे आले तरी हटत न्हाईत, यांचं त्यावरनं भांडाण हुतंय. हात सुजलेत त्यांचे, मनगटापासनं. इचारलं तर म्हणतात, तिला बोलवा."

"मला?"

"व्हय. तुमालाच."

५

ती पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात पाहुण्यांचा घोळका होता, कोकमाचं सरबत पीत बसलेला. महाबळेश्वरनं तिची ओळख करून दिली आणि सगळे उठून उभे राहिले. एका बाईनं तिचे हात हातात घेतले. "तुमच्या आवाजानं मी अजून झोपलेली नाही," ती म्हणाली. वैष्णवी हसली. आपण हसलो हे तिच्या लक्षात आलं तेव्हा दारात शांतीआज्जी उभी होती.

आज्जी न्हाणीच्या बाजूला वळली, आणि वैष्णवी मागोमाग गेली.

"आज्जी, हात बघू."

मनगटं सुजून चकाकत होती. ओझं ओढून ओढून गड्याची व्हावीत तशी.

"तू तिला वळवलंस," शांतीआज्जी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आज्जी, ती गोष्ट होती. लोकांना समजावं म्हणून थोडं..."

"गोष्ट म्हंजे काय ते मला ठावं हाय. म्याबी सांगितल्यात पोरांना. पन ही माझ्या घरची माणूस हाय. म्हातारपणी कुणी मागनं हाक मारली तरी मान फिरवायची न्हाई ती. म्होरं जाऊन हुबं ऱ्हावं लागायचं. आमी हसायचो." तिनं सुजलेला हात दुसऱ्या हातात धरला. "आता जो तो सांगतोय, वळली, वळली. कुठंबी कुणी सांगितलं की तिला वडतात. हितं अंगणात सांगितलं तर लईच. मी धरती. पन माझ्या हातात जोर किती असंल, तूच सांग."

 म्हातारी माणूस, वैष्णवीनं मनात म्हटलं. जेवण नाही, झोप नाही. डॉक्टरला दाखवायला हवं. हे सगळं खरंच होतं. तरीही तिला शांतीआज्जीच्या तोंडाकडं बघता येईना. ती न्हाणीच्या दगडाकडं बघत राहिली. त्याच्यावर कुणाची तरी हिरवी काकणं काढून ठेवलेली होती.

"मी आजच सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. "खरं काय ते."

"आदी तिला सांग," शांतीआज्जी म्हणाली आणि चुलीकडं गेली.

६

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. खिडकीतून येणारा उजेड तांबूस झाला होता आणि त्या उजेडात, नव्या वेताच्या खुर्चीत, झगा घालून पोरगी बसली होती. पाठ दाराकडं.

वैष्णवीला हायसं वाटलं. रक्षिता एकटी भेटली ते बरंच झालं, तिच्यापासूनच सुरुवात करावी.

"रक्षिता," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "हे बंद करूया. मी ते खोटं सांगितलंय. तुझी खापरपणजी वळली नव्हती. मला शेवट सापडत नव्हता म्हणून मी तो बनवला."

बसलेली हलली नाही. रागावली असेल. पाहुणे येतात, घर चाललंय, आणि आता ही बया येऊन म्हणते खोटं.

"मला लाज वाटतेय," वैष्णवी म्हणाली. "पण तुझ्या आज्जीसाठी तरी ऊठ."

मग तिला झगा दिसला. उजेडामुळं गुलाबी रंग कळत नसेल असं तिला आधी वाटलं. पण तो गुलाबी नव्हताच. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं होती, धुऊन धुऊन विटलेली, आणि पाठीवरची बटणं उलटसुलट लागलेली होती, असला कपडा कधी न घातलेल्या माणसानं घाईनं लावावीत तशी. केसांचा घट्ट अंबाडा होता. रक्षिताचे केस खांद्यापर्यंत कापलेले होते.

आणि हात. तिनं दोन्ही हातांनी झडपेच्या पट्ट्या धरल्या होत्या. नुसत्या धरल्या नव्हत्या, आवळल्या होत्या. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

बाहेर अंगणात कुणीतरी फोनचा आवाज मोठा केला. वैष्णवीनं स्वतःचा आवाज ओळखला. पाऊस, ताप, झगा, खुंटी. दारात उभा राहिलेला साहेब. ती जिथं उभी होती तिथंच तो उभा राहत असणार, हे तिला आत्ता सुचलं.

वेत करकरला, आधी एकदा, मग बारीक दोनदा. फोनमध्ये की खोलीत, ते तिला सांगता आलं नसतं.

"आणि मग ती वळली," बाहेरून तिचाच आवाज म्हणाला, दाटलेल्या गळ्यानं.

डावा खांदा मागं आला. झग्याला पाठीवर चुण्या पडल्या. पट्ट्यांवरचा एक हात सुटता सुटता राहिला, नखं लाकडावरून घासत गेल्याचा आवाज आला. मानेची शीर दोरीसारखी ताणलेली वैष्णवीला दिसली. कान दिसला, त्यातली साधी पितळी बाळी दिसली, आणि गालाच्या कडेला आवळून धरलेला जबडा. ती वळत नव्हती. तिला वळवत होते.

वैष्णवीला मागून धक्का लागला. शांतीआज्जी तिच्या बगलेतून आत घुसली, दोन्ही सुजलेले हात तिनं त्या खांद्यांवर टाकले, कपाळ त्या पाठीला टेकवलं आणि पाय रोवले.

"बघत काय हुबी ऱ्हायलीस?" ती ओरडली. "बंद कर ते! तुझंच हाय ते, बंद कर!"

वैष्णवी धावली. अंगणात पहिली दिसली ती रक्षिता. गुलाबी झग्यात, वाटीतली कणगी खात, पाहुण्यांशी बोलत उभी.

७

वैष्णवीनं मघाच्या त्या बाईच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि बंद केला. बाई घाबरली, मग हसली. "अहो, तुमचीच गोष्ट आहे!"

"ती खोटी आहे," वैष्णवी म्हणाली. सगळे तिच्याकडं बघत होते. "केशर वळली नाही. आज्जींनी मला सांगितलं होतं, वळली नाही म्हणून. मी ते कापलं. माझ्या मनानं घातलं."

 महाबळेश्वर सरबताचा तांब्या घेऊन तसाच उभा होता. त्याचा चेहरा कसनुसा झाला होता, जणू खोटं त्याचंच उघडं पडलं.

"पण ताई," ती बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "खोटं असतं तर तुमचा गळा असा दाटला असता का?"

वैष्णवीनं फोन तिला परत दिला. दाटला होता, हे खरंच होतं.

ती परत गेली तेव्हा मागच्या खोलीतली खुर्ची रिकामी होती. शांतीआज्जी जमिनीवर बसली होती, हात मांडीत उलटे पडलेले. झडपेच्या दोन पट्ट्यांवर ताजे ओरखडे होते. उंदरांचे असतील, वैष्णवीचं डोकं म्हणालं. पाहुण्यांच्या पोरांचे असतील. उजेड डोळ्यांवर होता, तू दमली होतीस, मनात अपराध होता, म्हातारीनं आधीच कानात भरवलं होतं. तिचं डोकं रामनगरपर्यंतच्या सगळ्या प्रवासात असं बोलत राहिलं आणि त्यातलं काही चूक वाटत नव्हतं. लाज मात्र त्यानं कमी झाली नाही. बसमध्ये शेजारच्या बाईनं "कुठनं आलीस गे?" म्हणून विचारलं, तर तिला वाडीचं नाव सांगवलं नाही.

तिनं गोष्ट काढून टाकली. नवी केली, अगदी छोटी. 'मी खोटं सांगितलं होतं. साहेबानं हाक मारली. हाक तिची नव्हती. ती वळली नाही.' यावेळी गळा दाटला नाही. लोकांनी लिहिलं, घरच्यांनी दबाव आणलेला दिसतोय. कुणी लिहिलं, पहिलीच खरी वाटते, हिच्यात काही जीव नाही. कापून नेलेले तुकडे फिरतच राहिले. त्यांच्यावर तिचं नावसुद्धा नव्हतं. सहलीची एक गाडी दांडेलीहून निघताना तिचा आवाज लावते असं तिला रक्षितानं कळवलं. पुढं रक्षितानं लिहिलं होतं, 'झगा मी जाळला अक्का. बाबांनी खुर्ची काढली, खोली बंद केली. तरी आज्जी आतच असते. तुम्ही येणार का?'

ती पुस्तकं, कपडे, काहीबाही पिशवीत भरू लागली तेव्हा वडलांनी विचारलं, "किती दिवस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. माईक तिनं घरीच ठेवला.

८

मंगलनं तिला आधी जेवायला वाढलं. पेज, सुकं, लोणचं. कुणी मागचं काही काढलं नाही. महाबळेश्वर म्हणाला, "अक्का, मी आता सांगत न्हाई कुणाला. आईची आण." त्याला आपल्याशी बोलताना खाली बघावं लागतंय हे वैष्णवीला दिसलं.

संध्याकाळी ती मागच्या खोलीत गेली. खाटा काढल्या होत्या. खिडकीपुढं काहीच नव्हतं, नुसती सारवलेली जमीन. शांतीआज्जी तिथं उभी होती, दोन्ही हात पुढं, हवेवर टेकवल्यासारखे. 

"तुला दिसतंय काय?" तिनं विचारलं.

"नाही."

"मलाबी रोज दिसत न्हाई. हाताला लागती." ती बाजूला सरकली. "हितं हुबी ऱ्हा. डोळे मीट. तोंड बघू नको तिचं. साहेबानंबी बघितलं न्हाई."

वैष्णवीनं डोळे मिटले आणि हात पुढं केले. काही नव्हतं. थोडा वेळ तिला आपण काय करतोय याचीच शरम वाटली, शिकलेली बाई, रिकाम्या खोलीत हात पसरून. मग तळहातांखाली कापड आलं. घामानं ओलसर झालेलं सुती कापड, आणि त्याखाली हाडं, पाण्याच्या घागरी वाहिलेल्या बाईच्या खांद्यांची, काटक. ते खांदे ताणलेले होते. ते खिडकीकडं तोंड करून राहायला धडपडत होते.

"लागली?" शांतीआज्जीनं विचारलं.

वैष्णवीनं मान हलवली. तिला माफी मागायची होती, पण या पाठीशी बोलायचं कसं? हाक मारायची तर कुठल्या तोंडानं?

खाली उतारावरच्या वाटेनं गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला. दारं वाजली, माणसं उतरली. वाट सगळ्यांची होती, तिथून खिडकी दिसत होती, कुणाला अडवता येत नव्हतं. एक पुरुषाचा आवाज, सरावलेला, मोठा, सांगू लागला. गोरा साहेब. त्याची लाडकी बायको. पाऊस. ताप. वैष्णवीनं पाय रोवले, शांतीआज्जीनं रोवले होते तसे, आणि कपाळ पुढं नेलं. कपाळाला बटणं लागली, उलटसुलट.

"आणि मग," खालचा आवाज म्हणाला, "ती वळली!"

ओढ आली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त, ओंडक्याला बांधलेल्या दोरासारखी. मनगटं पिळवटली. तिनं दात आवळले, सगळं वजन पुढं टाकलं, आणि ते खांदेही तिच्याबरोबर पुढं रेटत होते, दोघी मिळून रेटत होत्या. हळूहळू ओढ सैल झाली. पाठ जागेवर राहिली. वैष्णवीच्या तोंडून हुंदका फुटला. शांतीआज्जी मागं "धर, धर," म्हणत होती.

खाली माणूस थांबला नव्हता. लोकांना रंगत आली होती आणि त्याला ते कळलं होतं.

"वळली," तो म्हणाला, "आणि साहेबाकडं बघून खुदकन हसली!"

लोक खुशीनं ओरडले. हे वैष्णवीनं कधीच सांगितलेलं नव्हतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं.

तिच्या हातांखाली ते खांदे थोडे थोडे हलायला लागले, रडताना किंवा हसताना हलतात तसे.

"आज्जी," ती डोळे न उघडता म्हणाली. "आज्जी, रडतेय ना ही?"

शांतीआज्जीनं आपले सुजलेले हात तिच्या हातांवर ठेवले आणि घट्ट दाबले.